बाई, हे वाक्य खरंच कुणी बोलतं का?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली सहा पत्रं घेतली आहेत. लिहिणाऱ्या सगळ्यांना इंग्रजी व्याकरण बऱ्यापैकी येतं. अडतं ते पुस्तकातलं वाक्य बाहेरच्या जगात शोधताना. म्हणून या वेळी सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे.

माझा मुलगा नववीत, सेमी इंग्रजीला आहे. बारा काळांचा तक्ता त्याला तोंडपाठ आहे. परवा आम्ही घरी इंग्रजी मालिका बघत होतो, तेव्हा तो म्हणाला, "आई, हे लोक अर्धवट का बोलतात? यांना पूर्ण वाक्य येत नाही का?" शाळेत पूर्ण वाक्यात उत्तर दिलं नाही तर त्याचे गुण जातात. मग खरं इंग्रजी कोणतं? — एक आई, बार्शी

तुमच्या मुलाचा कान चांगला आहे. त्याला जे खटकलं ते मला खटकायला नोकरीची कितीतरी वर्षं जावी लागली.

सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. १९८९ च्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात आम्हाला टेपरेकॉर्डरवर एक संवाद ऐकवला. दोन बाया बोलत होत्या. एक दारातून विचारते, "कमिंग?" दुसरी आतून म्हणते, "इन अ मिनिट." पहिली म्हणते, "ब्रिंग अ कोट. माइट रेन." संपलं. आम्ही चाळीस शिक्षक तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत होतो आणि 'आर यू' कुठे गेलं, 'इट' कुठे गेलं ते शोधत होतो.

त्याच वर्षी पाचवीच्या वर्गात मी एका मुलीला विचारलं होतं, "व्हेअर डू यू लिव्ह?" ती म्हणाली, "इन कोरेगाव." मी तिला उभं करून "आय लिव्ह इन कोरेगाव" असं तीनदा म्हणायला लावलं. ती बरोबर होती. कोणीही इंग्रज माणूस तिच्यासारखंच उत्तर देईल. याची रुखरुख मला आजही आहे.

आपण मराठीत काय करतो ते मुलाला दाखवा. "चहा?" "नको, आत्ताच झाला." "कधी आलात?" "सकाळी." कोणी जर "मी सकाळच्या गाडीने आलो आहे" असं पूर्ण वाक्य बोललं, तर आपण त्याच्याकडे बघत राहू. समोरच्याला जे आधीच माहीत आहे ते गाळायचं आणि नवीन तेवढं सांगायचं, हे दोन्ही भाषांत सारखंच. फरक आहे तो काय गाळतात यात. मराठीत 'मी' कुठूनही गळतो, कारण 'जाईन', 'येईन' या रूपातच तो असतो. इंग्रजीत 'गो' वरून कोण ते कळत नाही. म्हणून तिथे कर्ता गळतो तो बहुधा वाक्याच्या अगदी तोंडाशी, जिथे तो हलक्या आवाजात उच्चारला जातो: 'डोंट नो', 'सी यू टुमॉरो', 'होप यू आर वेल', 'हॅड यॉर लंच?' वाक्याच्या मधला कर्ता ते सोडत नाहीत. 'ही सेड ही वॉज टायर्ड' यातला दुसरा 'ही' हवाच. आपली मुलं मराठीच्या सवयीने नेमका तोच खातात आणि 'ही सेड वॉज टायर्ड' लिहितात.

परीक्षेत पूर्ण वाक्य लिहू द्या. ते रियाजासाठी आहे आणि रियाज हवाच. पण त्या रियाजातलं वाक्य बाहेर कुठे भेटतं, तेही मुलाला सांगायला हवं. 'धिस इज अ पेन' हे आपण सगळे शिकलो. पेन समोर दिसत असताना असं कोण म्हणेल? पण 'धिस इज' ही रचना रोज हजार वेळा वापरली जाते. ओळख करून देताना 'धिस इज माय ब्रदर'. फोनवर आपलं नाव सांगताना तिथे 'आय ॲम' पेक्षा 'धिस इज' च जास्त चालतं. भेट हातात देताना 'धिस इज फॉर यू'. फोटो दाखवताना 'धिस इज अस इन महाबळेश्वर'. रचना तीच, पण आता तिला प्रसंग मिळाला.

मुलाला एक वही करायला सांगा. डावीकडे ऐकलेलं वाक्य लिहायचं, उजवीकडे ते कोण, कोणाला, केव्हा म्हणालं ते. माझ्या अशा अकरा वह्या झाल्या आहेत. मालिका बघताना एका भागातून तीन वाक्यं मिळाली तरी पुष्कळ.

मी हिंजवडीत एका कंपनीत सपोर्टला आहे, वय २४. अमेरिकन क्लायंटची मेल आली: "आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड मी द फाइल." 'वॉज' आहे म्हणजे आधी विचार करत होता, आता गरज नसेल, असं मला वाटलं. दोन दिवस फाइल पाठवली नाही. टीम लीड खूप बोलले. भूतकाळ होता, मग माझं काय चुकलं?

तुम्ही व्याकरण बरोबर लावलंत, प्रसंग तेवढा निसटला. समजा संध्याकाळी शेजारचे काका दारात उभे राहिले आणि म्हणाले, "जरा काम होतं तुमच्याकडे." काम 'होतं' म्हणजे आता नाही, असं समजून तुम्ही दार लावाल का? नाही ना? तुम्ही म्हणाल, "या, बसा, काय काम होतं?" तुम्हीही 'होतं' च म्हणता! "मला जरा विचारायचं होतं", "थोडे पैसे हवे होते" ही सगळी आत्ताची कामं आहेत. भूतकाळाने आपण फक्त एक पाऊल मागे उभे राहतो, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवतो. 'आय वॉज वंडरिंग' म्हणजे शेजारच्या काकांचं 'काम होतं'. 'आय वॉन्टेड टू आस्क' तेच, 'आय वॉज होपिंग यू कुड' तेच.

इंग्रजीला याची आपल्यापेक्षा जास्त गरज पडते, आणि त्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. मराठीत मान क्रियापदातच असतो. 'पाठव' आणि 'पाठवा' यातला फरक लहान पोरालाही कळतो. त्याला 'ना' जोडला, 'पाठवा ना', की झाली विनंती. इंग्रजीत धाकट्या भावाला 'सेंड' आणि साहेबालाही 'सेंड'. क्रियापदात मान ठेवायला जागा नाही, म्हणून तो दुसरीकडे ठेवावा लागतो: प्रश्नात, भूतकाळात, वाक्याच्या लांबीत. 'कॅन यू सेंड', 'कुड यू सेंड', 'वुड यू माइंड सेंडिंग', 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड'. जसजसं वाक्य लांबतं तसतशी नम्रता वाढते, पण काम तेच आणि निकडही तीच.

आपल्याकडून उलटी चूक होते. 'प्लीज सेंड द फाइल टुडे' लिहिलं की आपल्याला वाटतं, 'प्लीज' आहे, झालं. आपल्या कानात त्याचं 'कृपया पाठवा' होतं आणि त्यातला 'वा' आपण मनात ऐकतो. समोरच्याला तो ऐकू येत नाही, त्याला नुसता हुकूम ऐकू येतो. क्लायंटला लिहिताना निदान 'कुड यू' ने सुरुवात करा.

आणखी एक सांगते. 'वुड यू माइंड सेंडिंग इट अगेन?' असं विचारलं तर उत्तर 'नो, नॉट ॲट ऑल' असं द्यायचं. प्रश्नाचा अर्थ 'तुमची काही हरकत आहे का' असा आहे. आपण घाईने 'येस' म्हणतो आणि समोरचा गोंधळतो.

बँकेत काउंटरवर बसतो. 'आय ॲम हॅविंग टू अकाउंट्स' हे चूक आहे असं नवीन आलेल्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग मॅकडोनाल्डच्या जाहिरातीत 'आय'म लव्हिन' इट' कसं चालतं? — लातूर

सगळ्यांसमोर सांगायला नको होतं, हे आधी म्हणते. असं इंग्रजी भारतात लाखो लोक बोलतात आणि कोणाचं काही अडत नाही. तरी पत्रात लिहिताना 'आय हॅव टू अकाउंट्स' च लिहा.

खातं असणं ही स्थिती आहे, ती 'चालू' नसते. 'हॅव' चा अर्थ 'जवळ असणं' असेल तर त्याला 'इंग' लागत नाही. पण 'हॅव' ने काही घडत असेल तर लागतो: 'वी आर हॅविंग टी', 'दे आर हॅविंग अ मीटिंग', 'शी इज हॅविंग अ बेबी'. एकच शब्द, पण एकीकडे तो नुसता आहे आणि दुसरीकडे काहीतरी चाललं आहे. जाहिरातवाल्यांनी २००३ मध्ये ते वाक्य आणलं तेव्हा 'आवडतं' ही स्थिती मुद्दाम 'आत्ता, या घासाला मजा येतेय' अशी घडवून दाखवली. बोलण्यातही लोक तसं करतात, 'आय'म लव्हिंग धिस वेदर' म्हणतात. मराठीत 'मला पाऊस आवडतो' आणि 'काय मस्त वाटतंय!' यात जो फरक आहे, तोच इथे.

डीएडला आहे. पाठ घेताना मी 'आय विल एक्स्प्लेन यू' म्हणाले. निरीक्षक मॅडमनी खूण केली. 'आय विल टेल यू' चालतं, 'गिव्ह यू' चालतं, मग 'एक्स्प्लेन यू' का नाही? नियम सांगा. — रत्नागिरी

तुम्हाला पाठ करून सगळीकडे लावता येईल असा एक नियम नाही. पण त्याहून उपयोगी गोष्ट आहे, आणि ती तुम्हाला मराठीतून आधीच येते.

तो तिच्या'वर' रागावला. तो तिच्या'शी' भांडला. तो ति'ला' घाबरला. तो तिच्या'कडे' बघत राहिला. 'रागावणे' ला 'वर' आणि 'भांडणे' ला 'शी' का, असं तुम्हाला कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. प्रत्येक क्रियापद आपला गोतावळा घेऊनच घरात येतं आणि आपण ते तसंच उचलतो. परप्रांतातून आलेला माणूस 'मी त्याला भांडलो' म्हणाला की आपल्याला लगेच कळतं. 'एक्स्प्लेन मी' इंग्रजांच्या कानाला तसंच लागतं. 'टेल' पाठोपाठ माणूस येतो, 'टेल मी'. 'एक्स्प्लेन' पाठोपाठ गोष्ट येते आणि माणूस 'टू' धरून मागून येतो, 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'से' चं तसंच, 'से इट टू हिम'. 'सजेस्ट' चंही तसंच, म्हणून 'आय सजेस्टेड हिम टू गो' बसत नाही. 'आय सजेस्टेड दॅट ही गो' किंवा साधं 'आय टोल्ड हिम टू गो' म्हणा.

हे सगळं नीट मांडून ठेवणारा एक शिक्षकच होता. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज १९२४ मध्ये जपानला शिकवायला गेला. जपानी मुलं शब्दकोशात 'एक्स्प्लेन' चा अर्थ बघायची आणि वाक्य मात्र जपानी वळणाने बनवायची. म्हणजे आपल्या वर्गात जे घडतं तेच. शब्दाचा अर्थ देऊन भागत नाही, तो वाक्यात कसा बसतो तेही द्यायला हवं, हे त्याने ओळखलं. दोन सहकाऱ्यांसोबत केलेला त्याचा शब्दकोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला. त्यात क्रियापदांच्या २५ रचना नमुन्यासह दिल्या होत्या आणि कोणतं क्रियापद कोणत्या रचनेत बसतं याचे क्रमांक शब्दाशेजारीच छापले होते. युद्धानंतर, १९४८ मध्ये, ऑक्सफर्डने तो छापला. आज तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जो शिकणाऱ्यांसाठीचा ऑक्सफर्ड कोश आहे तो त्याच वंशातला. 'एक्स्प्लेन' चं पान उघडा आणि अर्थाच्या पुढे जी बारीक अक्षरं आणि उदाहरणं आहेत ती वाचा. आपण अर्थ मिळाला की कोश मिटतो.

तुमच्या वर्गात मुलांना सुटा शब्द देऊ नका. फळ्यावर 'एक्स्प्लेन = समजावणे' असं न लिहिता 'एक्स्प्लेन समथिंग टू समवन' असं लिहा. एवढा बदल मी नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत केला. तो आधी करायला हवा होता.

भुसावळहून लिहितो. अकरावीत आहे. 'रामा किल्ड रावणा' चं 'रावणा वॉज किल्ड बाय रामा' करून करून कंटाळा आला. बोलताना असं उलटसुलट कोणी करतं का?

नाही, कोणी करत नाही. आधी एक वाक्य बनवून मग ते उलटवणारा माणूस मला अजून भेटला नाही. कर्मणी वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडून थेट तसंच येतं आणि बहुतेक वेळा त्यात 'बाय' नसतोच. कोणी केलं ते माहीत नसतं, सांगायचं नसतं किंवा सांगण्याची गरजच नसते, तेव्हा ते येतं.

तुम्ही रेल्वेच्या गावात राहता, तेव्हा फलाटावर जाऊन नुसतं ऐका. गाडी उशिरा असली की मराठीत घोषणा होते आणि त्यात आपण 'आम्ही दिलगीर आहोत' असं ऐकतो. तीच घोषणा इंग्रजीत येते: 'द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.' मराठीत निदान 'आम्ही' आहोत. इंग्रजीत गैरसोय कोणी केली तेही नाही आणि खेद कोणाला आहे तेही नाही. एका वाक्यात कर्ता दोनदा गेला. कर्मणीचं काम यापेक्षा स्वच्छ मला कोणत्या पुस्तकात दिसलं नाही. मोबाइलवर बँकेचा मेसेज बघा, 'यॉर अकाउंट हॅज बीन डेबिटेड'. तिकीट खिडकीवर 'सोल्ड आउट', पेनावर 'मेड इन इंडिया'. आणि 'आय वॉज बॉर्न इन भुसावळ' हे तर तुम्ही न उलटवताच बोलता. 'बाय' हवा असेल तर सिनेमाच्या सुरुवातीची नावं बघा. तिथे कोणी केलं हेच सांगायचं असतं.

वय ६६. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच मुलाकडे न्यू जर्सीला चाललेय. जुन्या मॅट्रिकपुरतं इंग्रजी वाचता येतं, पण लोक काय बोलतील ते कळेल की नाही याची धास्ती वाटते. दोन-चार वाक्यं सांगाल? — सांगली

ताई, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. जरूर सांगते. तुम्हाला बोलण्यापेक्षा ऐकण्याची तयारी जास्त लागणार आहे, आणि ऐकू येणारी वाक्यं थोडीच आहेत, तीच ती फिरून येतात.

विमानतळावर अधिकारी विचारतील, 'व्हॉट्स द पर्पज ऑफ यॉर व्हिजिट?' म्हणा, 'व्हिजिटिंग माय सन.' मग बहुधा 'हाऊ लाँग आर यू स्टेइंग?' यात 'विल' नाही म्हणून गोंधळू नका. आपण 'मी उद्या पुण्याला जातेय' म्हणतो, तसाच हा ठरलेल्या भविष्याचा वर्तमानकाळ आहे. 'फाइव्ह मंथ्स' एवढं उत्तर पुरे. जे खरं असेल तेच सांगा आणि परतीचं तिकीट हाताशी ठेवा.

दुकानात गेलात की गल्ल्यावरची मुलगी म्हणेल, 'हाय, हाऊ आर यू डूइंग?' ती तुमच्या तब्येतीची चौकशी नाही, आपल्याकडचं 'काय, बरंय ना?' आहे. गुडघे दुखतात ते सांगायचं नाही. 'गुड, हाऊ आर यू?' म्हणून हसायचं. खाण्याच्या ठिकाणी पटकन येईल, 'फॉर हिअर ऑर टू गो?' इथे बसून खाणार की बांधून देऊ, एवढंच. या वाक्यात ना कर्ता ना क्रियापद, म्हणून पहिल्यांदा कोणालाच कळत नाही. काही घेऊन झालं की 'यू ऑल सेट?' म्हणजे 'झालं ना सगळं?' तुम्ही वाट अडवली म्हणून 'सॉरी' म्हणालात तर कोणी 'यू'र गुड' म्हणेल, म्हणजे 'असू दे हो'.

नाही कळलं तर 'व्हॉट?' म्हणू नका, ते तुटक वाटतं. 'सॉरी?' म्हणा, शेवटी आवाज वर चढवून. पुन्हा सांगतात, आणि दुसऱ्यांदा बहुधा हळू सांगतात.

जाण्याआधी मुलाशी फोनवर रोज पाच मिनिटं इंग्रजीत बोला. तो तुम्हाला या वाक्यांचे तिथले उच्चार ऐकवेल, आणि ते माझ्या लिहिण्यापेक्षा नक्की चांगले असतील. आणि तिथल्या बागेत, बसमध्ये काही नवीन कानावर पडलं तर परत आल्यावर मला लिहून पाठवा. कोण, कोणाला, केव्हा म्हणालं तेही लिहा. बाराव्या वहीचं पहिलं पान तुमच्यासाठी कोरं ठेवते.